समघरचं कापलेलं पान

१

पान तीन नव्हतं.

धम्मशीलाबाईंनी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. दुसऱ्या पानानंतर थेट पुढच्या आठवड्याच्या अंकाचं पहिलं पान येत होतं. मधे शिवणीला चिकटून बोटभर रुंदीची पट्टी तेवढी उरली होती, आणि तिची कड इतकी सरळ होती की हे ब्लेडचं काम आहे हे लहान पोरानंही सांगितलं असतं.

फाइल होती 'साप्ताहिक शेतबांध'ची, सन १९७४. हे साप्ताहिक बंद पडून चाळीसेक वर्षं झाली, खामगावातला त्याचा छापखाना मोडीत निघाला, आणि त्याच्या अंकांची एकुलती एक फाइल गावच्या या जुन्या वाचनालयात होती. दोन महिन्यांपूर्वी याच टेबलाशी बसून बाईंनी ते पान वाचलं होतं आणि त्यातली बातमी वहीत उतरवून घेतली होती. जुन्या कागदाचा फोटो काढायला वाचनालयात मनाई. तीस वर्षं तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये काढलेली बाई नियम मोडणार कशी! आता त्या नियमाच्या नावानं त्यांनी मनातल्या मनात दोन शिव्या हासडल्या.

"मंजुश्री, ही फाइल शेवटची कोणी मागितली?"

मंजुश्री वाचनालयात चार महिन्यांपूर्वी लागली होती. ती धावतच आली, पट्टी पाहिली आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. "आई गं! सोमवारी एक माणूस आला होता बाई. तोंडाले दुपट्टा गुंडाळलेला. सध्या कापसाची धूळ उडून राह्यली न, अर्धं गाव तसंच फिरते. मी फाइल देली अन् आत पुस्तकांवर शिक्के माराले गेली."

"सही घेतलीस?"

"हाव, सहीशिवाय मी कोनाले देत नाही."

तिनं रजिस्टर उघडून पुढे सरकवलं. सोमवारच्या तारखेला एकच ओळ होती. बाईंनी ती दोनदा वाचली. ज्या लोकांसाठी त्या दोन महिने जिवाचं रान करत होत्या, त्यांच्यातल्याच एकाचं नाव तिथं होतं.

प्रसेनजित, समघर, घर नं. ४.

२

समघर म्हणजे सोनाळ्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी, नदीकाठची एकवीस घरांची वस्ती. १९६१ साली भिमाबाई नावाची बौद्ध मजूर बाई आणि पंजाबराव नावाचा कुणबी शेतकरी आपापल्या घरावर पाणी सोडून तिथं येऊन राहिले. नवराबायको नव्हेत. लोकांनी जोडायचं ते नातं जोडलंच, त्यांनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की उंबरठा आपला म्हटला की उंबरठ्याबाहेरचा माणूस परका होतो आणि जातीची सुरुवात तिथं होते. तेव्हा उंबरठाच आपला म्हणायचा नाही. दर वैशाखी पौर्णिमेला समघरात चिठ्ठ्या निघतात आणि सगळी घरं एका दिवसात बदलली जातात. अंथरूण-पांघरूण घ्यायचं आणि चिठ्ठीत निघेल त्या घरात जायचं. चूल सगळ्यांची एक. आडनाव कोणालाच नाही. मूर्ती नाही, पुजारी नाही, रोज सकाळी विहिरीभोवती अर्धा तास गप्प बसायचं, हीच त्यांची पूजा. आजूबाजूची गावं त्यांना 'पालटे' म्हणून हिणवतात.

धम्मशीलाबाई मूळच्या धामणगाव बढ्याच्या. निवृत्तीनंतर त्या इंटरनेटवरच्या 'वऱ्हाड मुक्तकोशा'साठी नोंदी लिहू लागल्या. त्यांनी आजवर सव्वाशे नोंदी लिहिल्या, पण 'समघर' ही नोंद पोटच्या पोरासारखी लिहिली. घरपालट, सामाईक चूल, सगळं सविस्तर. मार्च महिन्यात काढलेला एक फोटोही टाकला आणि खाली लिहिलं, 'प्रसेनजित आणि कुटुंब, घर क्र. ४.'

तीन आठवड्यांपूर्वी कोशाचे मुख्य संपादक शेखर यांनी त्या नोंदीवर 'वगळावी' असा शेरा मारला. शेखर हे बुलढाण्याला प्राध्यापक. वऱ्हाडातल्या पंथांवर त्यांचा जाडजूड ग्रंथ आहे आणि त्यात बावीस पंथ आहेत. तेविसावा नाही. त्यांनी चर्चापानावर लिहिलं, 'चाळीस-पन्नास माणसांचा विक्षिप्त गट कोशात घ्यायचा तर उद्या प्रत्येक बाबा आपल्या मठाची नोंद मागेल. स्वतंत्र पुरावा काय? आणि दरवर्षी घर बदलणारी माणसं ही तर लेखिकेचीच कल्पना वाटते. कोणता शहाणा माणूस असं करतो?'

समघरला विहीर बंद केल्याची बातमी ज्यात होती, त्या 'शेतबांध'चा अंक आणि पान क्रमांक बाईंनी दिला होता. कोशाच्या संपादक मंडळानं फर्मावलं, मूळ पान रविवारी सभेत दाखवा, मग ठरवू.

आणि आज बुधवार. वाचनालयाच्या पायरीवरूनच त्यांनी शेखरांना फोन लावला.

"पान कापलंय सर. कोणीतरी ब्लेडनं कापून नेलंय."

"कापलंय?" शेखर म्हणाले. "धम्मशीलाताई, स्पष्ट बोलतो. ते पान तुमच्याशिवाय कोणी पाहिलं होतं का?"

"म्हणजे?"

"म्हणजे ज्यावर ती बातमी होती असं तुम्ही म्हणता, नेमकं तेच पान नाहीसं होतं. मंडळाला काय सांगू मी? आणि कापलंच असेल, तर तिकडच्याच कोणीतरी कापलं असेल, पितळ उघडं पडू नये म्हणून."

संध्याकाळी बाईंनी कोश उघडला. त्यांच्या नावापुढे, साऱ्या जगाला दिसेल असं, लाल अक्षरात लिहिलं होतं, 'संदर्भ बनावट असल्याचा संशय. रविवारपर्यंत पुरावा न आल्यास नोंद वगळण्यात येईल व लेखिकेचा लेखनाधिकार काढण्यात येईल.'

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. तीस वर्षांत एका कागदावर खोटा शिक्का मारला नाही आणि साठीला आल्यावर हे! "बनावट काय? दाखवतेच तुम्हाला," त्या संगणकालाच म्हणाल्या.

३

गुरुवारी सकाळची एस.टी. पकडून त्या सोनाळ्याला उतरल्या आणि ऑटोनं समघरला पोचल्या.

सामाईक चुलीशी सुभद्राबाई तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. वय चौऱ्याऐंशी, दात चार, आवाज मात्र खणखणीत. वस्तीच्या पहिल्या वर्षी आलेल्यांपैकी आता त्या एकट्याच उरल्या होत्या.

"प्रसेनजितले भेटाचं हाय? चाल व बाई, सतरा नंबरात हाय तो."

दारांवर निळीनं आकडे घातलेले होते. चार नंबरच्या ओट्यावर एक तरुण बाई बाळाला न्हाऊ घालत होती. ती हसली, "या न ताई." सुभद्राबाईंनी तिला हातानंच 'नंतर' म्हटलं आणि पुढे चालू लागल्या.

प्रसेनजित पंचेचाळिशीचा, उंच, तोंडानं फटकळ. बाईंनी रजिस्टरातल्या नावाचं सांगितलं तर त्याच्या कपाळावर आठीसुद्धा पडली नाही.

"मी नाही कापलं. पन कापलं त्याचं मले वाईट बी नाही वाटलं. खरं सांगून राह्यलो."

"काऊन रे बाबा?" बाईंचाही वऱ्हाडी सूर निघाला.

"तुमच्या कोशात गेलो का लोक पाहाले येतीन. फोटो काढतीन. मंग कोनी भिमाबाईचा पुतळा बसवीन, कोनी नारळ फोडीन. आमाले तेच तं नको व्हतं! म्हनून मी त्या शेखर साहेबाले फोन करून सांगतलं, का आमाले नका लिहू."

"सोमवारी कुठं होतास?"

"खामगावले. कापूस घेऊन गेलो व्हतो."

बाईंनी मान खाली घातली. माणूस त्या दिवशी खामगावात होता, नोंद नको म्हणून भांडत होता, आणि नाव त्याचंच लिहिलेलं होतं. शेखरांना हे कळलं तर संपलंच.

"असं का पाहता?" प्रसेनजित भडकला. "मले करायचं असतं तं तुमच्या तोंडावर करीन. चोरासारखा कायले करू?"

मागे उभ्या असलेल्या सुभद्राबाई एकदम उसळल्या. "तू लेका कालचा! तुले काय मालूम? त्या साली नदीपलीकडच्या अर्जुनरावच्या बापानं आमाले विहीर बंद केली. एका गडव्यानं सारे पानी पेतात म्हने, विहीर बाटते. एकोनीस दिवसात आमी आमची विहीर खोदली. सात महिन्याची गरवार व्हतो मी, मातीची टोपली वाह्यली या डोक्यावर. आता तो बुलढान्याचा मास्तर म्हनते का असं काही झालंच नाई? आमी नव्हतोच?" त्यांचा आवाज फाटला. "पुतळा नको मले. पन आमी व्हतो, हे कोनीतरी लिवलं पाह्यजे. अन् ते खोटं म्हनाची कोनाची छाती नसली पाह्यजे."

प्रसेनजितनं मान वळवली. हळू आवाजात म्हणाला, "बरं आजी. रविवारी येतो मी खामगावले. माह्या नावानं कोनी चोरी केली ते तं मले बी पाह्यचं हाय."

निघता निघता बाईंनी विचारलं, "त्या पानाचा राग कोणाला असेल आजी?"

सुभद्राबाईंनी नदीपलीकडच्या संत्र्याच्या बागेकडे बोट दाखवलं. "ज्याच्या बापाचं नाव त्याच्यात हाय, त्याले!"

४

अर्जुनराव बागेतच सापडले. पंच्याहत्तरीचा गडी, अजून काठी न घेता चालणारा. खाटेवर बसायला सांगून त्यांनी संत्री पुढे केली आणि बाईंनी आढेवेढे न घेता विचारलं, "पान तुम्ही कापलं?"

अर्जुनराव इतके हसले की त्यांना ठसका लागला. "बाई, मले कापाचं असतं तं पन्नास वर्षं काय झोपलो व्हतो मी? खामगावले महिन्यातून चारदा जातो."

"तुमच्या वडिलांची बदनामी आहे त्यात."

"हाय न! बदनामीच हाय." ते हसायचे थांबले. "अन् त्या पालट्यायशी माहं पटत नाही ते नाहीच. येडे लोक! दर वैशाखात एका दिवसात एकवीस घरं इकडचे तिकडं. भांडे वाजतात, लेकरं रडतात, माह्या बागेतून सारं दिसते. यंदा तं तुमच्या त्या प्रसेनजितचं बाजलंच अडकलं व्हतं सतराच्या दारात, माह्या दोन गड्यायनं जाऊन काढलं."

"आणि तरी तुम्हाला वाटत नाही की ही नोंद जावी?"

"कोन म्हनते जावी?"

"कोशाचे संपादक. त्यांचं म्हणणं, असा पंथच नाही. सगळं मी रचलंय."

अर्जुनराव उठून उभेच राहिले. "काय बोलता! माहा बाप चाळीस वर्षं ज्यायच्याशी भांडला, ते लोक नव्हतेच? मंग माहा बाप काय हवेशी भांडे? येडा व्हता काय तो?"

बाईंना हसू आवरेना. असला साक्षीदार त्यांनी स्वप्नातसुद्धा मागितला नसता.

"मग रविवारी येऊन एवढंच सांगा."

म्हाताऱ्यानं एक संत्रं सोललं, खाल्लं नाही, तसंच हातात धरून बसला. "माह्या बापाचं नाव वाईटच येईन न कोशात?"

"येईल. त्यांनी विहीर बंद केली होती."

 मग अर्जुनराव म्हणाले, "ती बातमी आली तवा मी पंचविशीचा व्हतो. बाप असा खवळला, असा खवळला, का दुसऱ्या दिवशी गाडी जुंपून थेट खामगावले गेला. येईन का नाही ते सांगत नाही बाई. पाह्यतो."

परतीच्या एस.टी.त बाई खिडकीशी बसल्या होत्या. गाडी चार-पाच कोस गेली असेल, आणि त्या एकदम एवढ्या मोठ्यानं "अरे देवा!" म्हणाल्या की कंडक्टरनं वळून पाहिलं. भडकलेला मोठा माणूस गाडी जुंपून खामगावला जातो, तो बाजार करायला नव्हे. पण तोवर पाच वाजून गेले होते आणि शुक्रवारी वाचनालय बंद.

५

शनिवारी दार उघडायच्या आधीच त्या पायरीवर हजर.

तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी जुन्या साप्ताहिकांचे ढीग उपसले होते. जाहीर नोटिसा तिथंच सापडायच्या. मोठ्या माणसाविरुद्ध बातमी छापली की दोन-तीन अंकांत त्याचा खुलासा आलाच पाहिजे, नाहीतर संपादकाला गावात राहणं मुश्कील. कापणाऱ्यानं बातमी कापली. पण खुलासा? प्राध्यापक असो की पुढारी, खुलासे कोणी वाचत नाही.

त्यांनी एकेक अंक उलटला. पुढच्या अंकात काही नव्हतं. त्याच्या पुढच्या अंकात, शेवटच्या पानावर, बियाण्याच्या जाहिरातीशेजारी चौकट होती:

'खुलासा. आपल्या पत्रात माझ्याविषयी छापलेली बातमी विपर्यस्त आहे. समघर येथे राहणाऱ्या बासष्ट इसमांस मी विहिरीवर मज्जाव केला हे खरे, परंतु तो धर्मरक्षणार्थ केला. सदर इसम दरसाल घरे बदलतात, एका पात्राने पाणी पितात व कोणताही देव मानीत नाहीत. अशांस विहीर देणे मला मान्य नाही. त्यांनी आता स्वतःची विहीर खोदली आहे, सबब वाद उरला नाही.' खाली अर्जुनरावांच्या वडिलांचं पूर्ण नाव.

बाईंनी ते तीनदा वाचलं. बासष्ट माणसं, घरपालट, विहीर, आणि सगळं कट्टर विरोधकाच्या नावानिशी! याहून स्वतंत्र पुरावा आणायचा कुठून? त्यांना त्या मेलेल्या माणसाचा राग आला आणि त्याच दमात त्याला चहा पाजावा असंही वाटलं.

"सापडलं का बाई?" मंजुश्रीनं विचारलं.

"नोंद बचावली. आता माझं नाव वाचवायचंय. ते रजिस्टर आण."

सोमवारची ओळ त्यांनी पुन्हा वाचली. प्रसेनजित, समघर, घर नं. ४. परवाचा दिवस डोळ्यांपुढून गेला, सुभद्राबाईंच्या मागं मागं चालत गेलेली ती निळ्या आकड्यांची रांग. बाईंचं बोट त्या ओळीवर थांबलं. मग त्यांनी रजिस्टर फाटकन मिटलं.

"काय झालं बाई?"

"काय व्हायचंय? अगं, मी पण मूर्खच! तीन दिवस हा माणूस रजिस्टरात बसून मला वाकुल्या दाखवतोय." त्या उठल्या. "उद्या हे हॉलमध्ये घेऊन ये. त्याआधी कोणाला दाखवलंस तर माझ्याशी गाठ आहे."

६

रविवारी अकरा वाजता वाचनालयाच्या हॉलमध्ये मंडळाची सभा भरली. अध्यक्षस्थानी निवृत्त मुख्याध्यापिका पुष्पाबाई. त्यांच्या उजव्या हाताला शेखर, पांढऱ्या इस्त्रीच्या सदऱ्यात, समोर लॅपटॉप. भिंतीवरच्या पडद्यावर ती नोंद आणि ती लाल अक्षरं. मागच्या बाकावर प्रसेनजित आणि सुभद्राबाई. दाराजवळ, कोणाशी न बोलता, अर्जुनरावही येऊन बसले होते.

"पुरावा आणलात?" पुष्पाबाईंनी विचारलं.

"आणलाय. पण आधी चोराचं बोलू," धम्मशीलाबाई म्हणाल्या. "पान कापणाऱ्यानं रजिस्टरात नाव लिहिलंय. प्रसेनजित, समघर."

हॉलमध्ये कुजबुज झाली. शेखर खुर्चीत सावरून बसले. "मी बुधवारीच म्हटलं होतं. पुष्पाताई, पोलिसांत तक्रार द्यायला हवी. मंडळाच्या वतीनं मी देतो."

"द्याच," बाई म्हणाल्या. "आत्ताच लिहा, मीही सही करते. पत्ता पूर्ण लिहा हं सर, नाहीतर पोलीस अर्ज परत पाठवतात."

शेखरांनी कोरा कागद ओढला आणि झरझर लिहिलं. बाईंनी कागद घेतला आणि मोठ्यानं वाचला. "'...सबब प्रसेनजित, राहणार समघर, घर नं. ४, यांचेवर कारवाई व्हावी.' घर नंबर चार कशावरून सर?"

"कशावरून म्हणजे? तुमच्याच नोंदीत फोटो आहे."

मागून अर्जुनरावांचं हसू फुटलं. "चार? अवो साहेब, वैशाखापासून सतरात राह्यते तो! माह्या गड्यायनं त्याचं बाजलं चढवलं."

"तो फोटो मार्चमधला," बाई म्हणाल्या. "वैशाखात घरपालट झाली. हे नोंदीतच लिहिलंय, दुसऱ्या परिच्छेदात. आता हे पाहा." त्यांनी मंजुश्रीच्या हातातलं रजिस्टर टेबलावर उघडलं. "इथंही घर नंबर चार. प्रसेनजितनं स्वतः लिहिलं असतं तर सतरा लिहिलं असतं. समघरातलं शेंबडं पोरही सतराच लिहील. अर्जुनरावांना तर तिथली खाट न् खाट माहीत. म्हणजे लिहिणाऱ्यानं माझी नोंद वाचली, फोटोखालचा नंबर उचलला, पण घरपालटीवर मात्र विश्वास ठेवला नाही. 'कोणता शहाणा माणूस असं करतो?' असं चर्चापानावर कोणी लिहिलंय? आणि प्रसेनजितला ही नोंद नको आहे, हे फोनवर त्यानं कोणाला सांगितलं होतं?"

"हा तर्क झाला," शेखर म्हणाले.  "असं कोणीही लिहू शकतं."

"लिहू शकतं. पण याच अक्षरात?"

बाईंनी तक्रारीचा कागद रजिस्टराच्या ओळीशेजारी ठेवला. पुष्पाबाई वाकल्या. चाळीस वर्षं उत्तरपत्रिका तपासलेल्या बाई त्या, पाच सेकंदही लागले नाहीत. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"शेखर, हे अक्षर तुझं आहे."

शेखरांनी तो कागद आपल्याकडे ओढून उलटा केला. मग म्हणाले, "मी नुसती खात्री करायला आलो होतो."

"खिशात ब्लेड घालून खात्री करायला कोणी येत नाही," धम्मशीलाबाई म्हणाल्या.

"वीस वर्षं!" ते एकदम ओरडले. "वीस वर्षं गावोगाव फिरलो मी. बावीस पंथ, त्यापुढे एक नाही, असं छातीठोक लिहिलं. आणि माझ्याच जिल्ह्यात, बसनं जाता येईल अशा ठिकाणी..." ते थांबले. "जाळणार होतो. हात धजला नाही. पान घरी आहे."

"एकदा आला असता तं जेवू घातलं असतं आमी," सुभद्राबाई मागून म्हणाल्या. 

मग बाईंनी १९७४ चा तो खुलासा वाचून दाखवला. वाचताना त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं. अर्जुनरावांची नजर जमिनीवर होती, पण वाचन संपल्यावर ते उठून म्हणाले, "नाव माह्या बापाचंच हाय. लिहा काय लिहाचं ते."

मंडळाला ठरवायला दहा मिनिटंही लागली नाहीत. नोंद राहणार. पुष्पाबाईंनी धम्मशीलाबाईंना बाजूला घेतलं आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "लाल शेरा आत्ता पुसायला सांगते. तुमचा लेखनाधिकार कायम. पान परत येईल. पण बाकीचं आपल्यातच ठेवू या का? माणूस विद्वान आहे, पोराबाळांचा आहे. कशाला चव्हाट्यावर आणायचं?"

"चार दिवस माझं नाव चव्हाट्यावर होतं पुष्पाताई," बाई अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "बनावट म्हणून, लाल अक्षरात. धामणगावाहून माझ्या भाच्याचा फोन आला, आत्या हे काय वाचतोय म्हणून. आणि या आजींचं अख्खं आयुष्य बनावट ठरलं होतं. ते कोणी आपल्यातच ठेवलं नाही. पोलिसांत मी जात नाही. पण शेरा पुसायचा नाही. त्याच्याखाली उत्तर लिहायचं, आणि ज्यानं शेरा लिहिला त्यानंच लिहायचं."

पुष्पाबाईंनी शेखरांकडे पाहिलं.  शेखरांनी लॅपटॉप जवळ ओढला आणि भिंतीवरच्या पडद्यावर, लाल ओळीच्या खाली, एकेक अक्षर उमटू लागलं. 'संदर्भ खरा आहे.' ते थांबले. बाई त्यांच्या खुर्चीमागे हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. दोन मिनिटांनी पुढची अक्षरं आली. 'पान मी कापले.'

सुभद्राबाईंना वाचता येत नव्हतं. प्रसेनजितनं त्यांच्या कानाशी वाकून दोन्ही वाक्यं वाचून दाखवली. म्हातारीनं ऐकलं, पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आजूक एकदा वाच."

त्यानं पुन्हा वाचलं, या वेळी सगळ्यांना ऐकू येईल असं.

शेखर लॅपटॉप मिटायला लागले तेव्हा धम्मशीलाबाईंनी झाकणावर हात ठेवला.

"खाली नाव घाला सर," त्या म्हणाल्या. "तुमचं. पूर्ण."